गोदा ते युनिकोड

माणिकरावांनी निमंत्रणपत्रिकेचा मजकूर स्वतःच्या हातानं लिहून आणला आणि चांगुणाच्या टेबलावर ठेवला.

"आजच्या आज लावून द्या बाई. शनिवारी कार्यक्रम हाये. आमदारसाहेबांचं नक्की झालं."

चांगुणानं कागद समोरच्या चिमट्याला अडकवला आणि टाइप करायला सुरुवात केली. मजकूर डोक्यात शिरण्याआधी बोटांतून उतरायचा, ही तिची चौदा वर्षांची सवय. 'हिंगोली जिल्ह्यात प्रथमच', 'आपल्या मातीत घडलेल्या', 'मराठी सॉफ्टवेअरचा भव्य लोकार्पण सोहळा'. पुढची ओळ मोठ्या आणि ठळक अक्षरांत घ्यायची होती. माणिकरावांनी तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. लिहिलं होतं : माणिकलिपी.

तिची बोटं थांबली.

"भाऊ, हे कशाचं नाव हाये?"

"आपल्या सॉफ्टवेअरचं."

"त्याला नाव हाये. मागच्या दिवाळीलाच ठेवलं."

"ते व्हय? गोदा ते युनिकोड?" माणिकराव हसले. "ते नाव हाये का एस.टी.ची पाटी? हिंगोली ते सेनगाव, मार्गे नर्सी."

दुकानातल्या दुसऱ्या दोन ऑपरेटरांनाही हसू आलं. चांगुणा हसली नाही.

"पाटीवर गाडी कुठं जाती ते लिहिलेलं असतंय भाऊ. म्हणून तर माणूस बराबर गाडीत बसतो."

"वाद घालू नका. टाइप करा."

तिनं उरलेला सगळा मजकूर टाइप केला. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, स्थळ, वेळ, 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे'. नावाची ओळ मात्र कोरी ठेवली. प्रिंट काढून माणिकरावांच्या टेबलावर ठेवली आणि डबा घेऊन मागच्या खोलीत जेवायला गेली.

हे २००७ सालच्या फेब्रुवारीतलं.

चांगुणा मूळची सेनगावच्या बाजूच्या एका खेड्यातली. बाप जळबा, कोरडवाहू शेती. दहावीनंतर त्यानं लेकीला हिंगोलीला मावशीकडं ठेवलं आणि मराठी टायपिंगच्या क्लासला घातलं. गावातल्या लोकांनी त्याला विचारलं, पोरीला काहून शिकवून राहिला? तो म्हणाला, बसून करायचं काम हाये, उन्हात जायला नको. त्याचा विचार तेवढाच होता. चांगुणाला मात्र त्या यंत्राचा नाद लागला. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा ती पहिल्या झटक्यात पास झाली.

पंच्याण्णव साली तिचं लग्न सेनगावच्या सोनाजीशी झालं. सोनाजी जीप चालवायचा, सेनगाव-हिंगोली. लग्न लागून घरी आल्यावर तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायचा कार्यक्रम झाला. सोनाजीच्या बहिणीनं आधीच शोधून ठेवलं होतं : प्रतिक्षा. चांगुणा हे नाव जुन्या वळणाचं, म्हातारीचं वाटतं, असं सगळ्यांचं म्हणणं. कोणी तिला विचारलं नाही आणि तिनंही काही म्हटलं नाही. रेशनकार्डावर प्रतिक्षा आलं, मतदार यादीत प्रतिक्षा आलं.

अठ्ठ्याण्णव साली परभणीला लिपिक-टंकलेखकाची भरती निघाली. टायपिंगच्या चाचणीत ती तिसरी आली. कागद तपासणाऱ्या बाबूनं दाखले समोर मांडले. शाळेचा दाखला चांगुणा, टायपिंगचं प्रमाणपत्र चांगुणा, रहिवासी दाखला प्रतिक्षा.

"यातली तुमी कोण?" त्यानं विचारलं.

"दोन्ही मीच."

"कागदावर तर दोन बाया हायेत."

नाव बदलल्याचं राजपत्र आणायला आठ दिवसांची मुदत मिळाली. आठ दिवसांत ते होणं शक्य नव्हतं. झालं नाही. परभणीहून परत येताना ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती, सोनाजी गाडी चालवत होता. औंढा मागं पडला. मग ती म्हणाली, "आजपासून मला चांगुणा म्हणायचं. तुमी, आत्याबाई, समद्यांनी." सोनाजीनं मान हलवली. रागात आहे, दोन दिवसांत विसरेल, असं त्याला वाटलं. ती विसरली नाही. दुसऱ्या नावानं हाक आली की ती वळूनच बघायची नाही. सहा महिन्यांत घर हरलं.

पुढच्या वर्षी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नवी कार्यालयं आली आणि अर्ज, प्रतिज्ञापत्रं, टिपण्या, अहवाल यांचा नुसता पूर आला. कचेरीच्या रस्त्यावर माणिकरावांनी कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि तिला बोलावून घेतलं. या माणसानं तिचा दाखला पाहिला नाही, फक्त एक पान टाइप करून दाखवा म्हणाला आणि अर्ध्या पानावरच थांबवून उद्यापासून या म्हणाला. हे ती कधी विसरली नाही.

त्या काळी सगळं टायपिंग 'गोदा' नावाच्या फाँटमध्ये चालायचं. दिसायला मराठी, पण कॉम्प्युटरच्या पोटात ती इंग्रजी अक्षरंच असायची, मराठीचा मुखवटा घातलेली. फाँट असलेल्या मशीनवर ठीक. दुसऱ्या मशीनवर तीच फाइल उघडली की डोक्यावर टिंबं आणि मिशा असलेली परकी अक्षरं दिसायची, नुसता कचरा. पुढं युनिकोड आलं. त्यात मराठी अक्षर हे खरोखरच मराठी अक्षर म्हणून साठवलं जायचं, जगातल्या कुठल्याही मशीनवर तसंच दिसायचं. कचेऱ्यांत नवे कॉम्प्युटर आले, युनिकोडमध्येच काम करा असे आदेश आले. सात वर्षांचं जुनं काम मात्र गोदामध्ये पडून होतं. ते सगळं पुन्हा टाइप करा, असं बाबू लोक सांगायला लागले.

चांगुणाला तो कचरा वाचता यायचा. कोणत्या परक्या अक्षराच्या जागी कोणतं मराठी अक्षर असतं, हे तिच्या बोटांना पाठ होतं. मनात आलं, मला येतंय तर मशीनला का येऊ नये? दुकानात क्लास चालायचा, तिथं पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेच्या पुस्तकाची एक प्रत पडलेली होती. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसायचं. वीज असली की ती बसायची, वीज गेली की वहीत तक्ते करायची. डाव्या बाजूला कचरा, उजव्या बाजूला अक्षर.

सुटी अक्षरं महिन्याभरात जमली. अडलं ते रफाराशी. गोदामध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप करायचा, युनिकोडला तो आधी लागतो. 'सर्व' लिहिलेलं असलं की 'सवर्' निघायचं. ते सुटलं तर 'अटी व शर्ती'चं 'अटी व शतीर्' व्हायला लागलं, कारण तिथं रफाराच्या आणि अक्षराच्या मधे वेलांटी. एकही प्रतिज्ञापत्र अटी आणि शर्तींशिवाय नसतं. त्या एका शब्दापायी तिचे दोन महिने गेले. सगळं मिळून सात महिने. मग एका दुपारी तिनं एकशे वीस पानांचा जुना अहवाल आत टाकला आणि तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शुद्ध बाहेर आला. तिनं सगळी पानं वाचली. मग आणखी एक फाइल टाकली.

मराठीसाठी फुकट, खुली सॉफ्टवेअर करणाऱ्या लोकांचा एक ई-मेलचा गट होता. त्यातली माणसं एकमेकांना भेटलेली नसायची. कोणी पुण्यात, कोणी बंगळूरला, कोणी अमेरिकेत. चांगुणानं गटावर लिहिलं की मी असं असं केलं आहे, कोणाला उपयोग असला तर घ्या.

पहिलं उत्तर आलं कुलदीपचं. कुलदीप औंढ्याजवळच्या तांड्यावरचा, शिकून पुण्यात नोकरीला लागलेला. त्यानं लिहिलं, 'ताई, काम छान आहे. पण गोदासाठी असं एक सॉफ्टवेअर दोन वर्षांपूर्वीच झालं आहे. "मोरपीस" नाव आहे. पाहिलं नव्हतं का?'

तिनं ते वाचलं आणि खुर्चीवरून उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मग आत येऊन दुकानाच्या फोनवरून पुण्याला फोन लावला.

"कुलदीप, मी सुरू करायच्या आधी आठ दिवस हुडकत होते. गोदा टाकलं, फाँट टाकलं, मराठी टाकलं, युनिकोड टाकलं. काहीच न्हाई घावलं. मोरपीस असं टाकायचं मला काहून सुचंल?"

"बराबर हाये ताई," कुलदीप म्हणाला. "ज्यानं केलं त्याला मी इचारलं व्हतं. लहानपणापासून मोरपीस आवडतं म्हणला."

"त्याला आवडतं. माझे सात महिने गेले."

 मग कुलदीपनंच दोन्ही सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवून पाहिली. मोरपीस रफाराला अडखळत होतं आणि त्याचा कर्ता दीड वर्षापासून गटावर फिरकला नव्हता. चांगुणाचं काम पुढचं होतं. सगळ्यांच्या सामायिक भांडारात ते ठेवायचं ठरलं. तिथून ते कोणीही उतरवून घ्यावं, सुधारावं, वाटावं. अट एकच, मूळ कर्त्याचा उल्लेख असलेली ओळ काढायची नाही.

नाव काय द्यायचं, असा प्रश्न आला. चांगुणानं 'मराठी-परिवर्तन' असं ठेवलं होतं.

"ताई, राग येऊ देऊ नका," कुलदीप फोनवर म्हणाला. "मराठीत जुने फाँट तीस तरी असतील. तुमी एकाचं काम केलं आन पाटी समद्या मराठीची लावली. उद्या दुसरं कोणी दुसऱ्या फाँटचं करन. त्यानं काय नाव ठिवावं?"

तिला राग आलाच. दोन दिवस तिनं उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी कामानिमित्त ती तहसीलच्या अभिलेख खोलीत गेली होती. तिथं फडक्यात बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर गावाचं नाव, साल, विषय. एका गठ्ठ्यावर मात्र कुणीतरी नुसतं 'महत्त्वाचे' असं लिहून ठेवलं होतं. यात काय आहे, असं तिनं शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "कोणाला ठाव. मी लागल्यापासून तर कोणी सोडला न्हाई तो."

संध्याकाळी तिनं कुलदीपला लिहिलं : 'गोदा ते युनिकोड.' इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं, शब्दाशब्दांच्या मधे आडवी रेघ. ज्याची फाइल गोदात अडकली असेल तो माणूस हेच शब्द टाकणार.

गटावर चार दिवस चर्चा झाली. नाव फार रुक्ष आहे, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. कोणी 'मायबोली' सुचवलं, कोणी 'अमृताक्षर'. एका गृहस्थांनी लिहिलं की नावात मराठी अस्मिता दिसली पाहिजे. चांगुणा गटावर फारसं लिहायची नाही, पण त्यांना तिनं उत्तर दिलं : 'नावात काम दिसलं पाहिजे. रफार जागेवर बसला की अस्मिता आपोआप दिसते.'  दिवाळीच्या आधी सॉफ्टवेअर त्याच नावानं भांडारात गेलं.

माणिकरावांना यातलं काही ठाऊक नव्हतं. दुपारची बाई काहीतरी शिकत बसते, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. जानेवारीत जिल्हा कचेरीतला एक अधिकारी स्वतः दुकानात आला आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या दुकानातल्या सॉफ्टवेअरनं आमच्या चारशे फाइली एका दुपारी सुटल्या. माणिकरावांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर कितीतरी वेळ ते चांगुणाच्या टेबलाकडं बघत बसले. दोन आठवड्यांत कार्यक्रम ठरला, सीडी छापायला गेल्या, आणि मजकुराचा कागद तिच्या टेबलावर आला.

चांगुणा डबा खाऊन परत आली तेव्हा माणिकराव कोरी ओळ असलेली प्रिंट हातात धरून उभे होते.

"मशीन कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं."

"बसायची जागा? लाइट?"

"तुमचीच. त्या ओळीत लिहा ना भाऊ, माणिकरावांच्या दुकानात तयार झालं म्हणून. खरं हाये ते. मी स्वतः टाइप करून देते."

"मंग नावाला काय तकलीफ हाये? का तुमचं नाव द्यायचंय त्याला?"

"माझं बी नको. माझ्या नावानं कोण हुडकणार हाये? माणिकलिपी म्हणलं तर लातूरच्या माणसाला कसं कळंल, आपला अडलेला फाँट याच्यात सुटतो म्हणून?"

"लातूरच्याचं मला काय करायचं? इथला माणूस माझ्या दुकानात येईल. एवढंच पाहिजे मला."

हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. त्यात लपवायचं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शनिवारी स्टेजवर ते चालवून तुमालाच दाखवायचंय, दुसऱ्या कोणाला येत न्हाई. नीट करा. न्हाई तर सोमवारपासून येऊ नका."

कोरी ओळ त्यांनी दुसऱ्या ऑपरेटरकडून भरून घेतली.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं सगळं सांगितलं. सखुबाई, तिची सासू, ओसरीवर तूर पाखडत बसली होती. सोनाजी नुकताच जीप लावून आला होता.

"मी कुलदीपला इचारलं," चांगुणा म्हणाली. "दुसऱ्या नावानं वाटायचा त्यांना हक्क हाये. खुलं ठिवलंय म्हणल्यावर अडवता येत न्हाई."

"मंग झालं की," सोनाजी म्हणाला. "वाटू दे. तू कशाला मधी पडती? केलं तर तूच ना. समद्यांला माहीत हाये."

"कोणाला?"

सोनाजीनं विचार केला. "मला," तो म्हणाला.

तिला जरा बरं वाटलं. पण ती म्हणाली, "मी केलं ते कोणाला माहीत नसलं तरी चालंल मला. ते कुठं हाये ते माहीत पाहिजे. दुसऱ्या कोणाचे सात महिने जायला नको."

"माणिकरावचं समद्या हिंगोलीत वजन हाये. त्यानं काढलं तर दुसरं कोणी ठिवणार न्हाई तुला."

"माहीत हाये."

सखुबाईचं सूप थांबलं होतं. ती सुनेच्या बाजूनं कधी बोलायची नाही, विरोधातही फारशी बोलायची नाही.

"मला माहेरच्या नावानं हाक मारणारं आता कोणी ऱ्हायलं न्हाई," ती म्हणाली. "भाऊ व्हता तवर मारायचा. तू तुझ्या नावासाठी आडून बसली तवा मला राग आला व्हता तुझा. मी काहून न्हाई बसले, म्हणून." आणि तिनं पुन्हा पाखडायला सुरुवात केली.

शनिवारी मंगल कार्यालय भरलं होतं. पुढं पुढारी, मागं निरनिराळ्या कचेऱ्यांतले कारकून, त्यांच्या मागं क्लासची मुलंमुली. सत्कार झाले, भाषणं झाली. मग माणिकरावांनी चांगुणाचं नाव पुकारलं. ती निळी साडी नेसून आली होती. पडद्यावर तिनं गोदातली एक फाइल उघडली. पडदाभर कचरा दिसला, मागच्या रांगांतले कारकून ओळखीनं हसले. तिनं बटण दाबलं. कचऱ्याचं प्रतिज्ञापत्र झालं. अटी व शर्ती, रफारासकट. टाळ्या पडल्या.

समोर बसलेल्या एका बाई अधिकाऱ्यांनी विचारलं, "हे आम्हाला कुठं मिळेल?"

माणिकराव माइकजवळ होते. "आमच्या दुकानात. सीडी तयार आहेत."

चांगुणानं टेबलावरचा दुसरा माइक उचलला. आयुष्यात पहिल्यांदा. आवाज एकदम मोठा आला म्हणून तिनं तो तोंडापासून लांब धरला.

"दुकानात यायची गरज न्हाई," ती म्हणाली. "ते फुकट हाये. नेटवर गोदा आन युनिकोड, एवढे दोन शब्द टाका, सापडंल. त्याचं नाव गोदा ते युनिकोड हाये. सीडीवर दुसरं नाव छापलंय, आतलं काम तेच हाये. पण उद्या त्याच्यात चूक निघाली तर दुरुस्ती ह्या नावाखाली येईल, सीडीच्या नावाखाली येणार न्हाई. म्हणून हे नाव लिहून घ्या."

 आमदारांनी घड्याळ पाहिलं. मग मागच्या रांगेतल्या एका कारकुनानं खिशातलं पेन काढलं आणि निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहायला लागला. त्याच्या शेजारच्यानं विचारलं, "गोदा काय म्हणल्या?" चांगुणानं पुन्हा सांगितलं, इंग्रजी स्पेलिंगसकट, एकेक अक्षर सुटं करून. माणिकराव तिच्याकडं बघत होते. तिनं सगळी अक्षरं पुरी केली, माइक ठेवला आणि खाली उतरली.

पाहुणे गेल्यावर माणिकराव तिच्याजवळ आले. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत.

"आठ वर्षं खुर्ची दिली तुमाला," ते म्हणाले. "एक नाव मागितलं."

"खुर्ची दिली हे खरं हाये भाऊ. कोणी दाखला धरला न्हाई तवा तुमी काम दिलं. ते मी कुठंबी सांगीन. पण हे नाव बदलून द्यायला ते माझं न्हाई ना आता. समद्यांचं हाये."

ही गोष्ट माणिकरावांना शेवटपर्यंत कळली नाही. सगळ्यांचं म्हणजे कोणाचं, असंच त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी ती दुकानात गेली ती फक्त तिची वही न्यायला. सात महिन्यांचे तक्ते होते तिच्यात. वही माणिकरावांच्या खणात होती आणि खणाला कुलूप होतं.

"वही दुकानाची हाये," ते हिशेबाच्या कागदांवरून मान वर न करता म्हणाले.

 वहीच्या शेवटच्या पानावर चांगुणानं 'शर्ती' शब्द कितीतरी वेळा लिहून पाहिला होता, एका बाजूला चुकलेला, एका बाजूला बरोबर. ते पान तिला हवं होतं.

"ठिवा," ती म्हणाली. "त्याच्यातलं समदं कधीच बाहेर गेलंय."

सोनाजीचं म्हणणं खरं ठरलं. हिंगोलीतल्या दोन दुकानांत तिनं विचारलं. दोघांनी चहा दिला, काम दिलं नाही. तीन महिने ती घरी बसली. मग सेनगावला बसस्टँडसमोर पत्र्याची एक खोली मिळाली, त्यात तिनं एक वापरलेला कॉम्प्युटर आणि प्रिंटर मांडला. सेनगावात हिंगोलीइतकं काम नव्हतं. सातबाऱ्याचे अर्ज, पोरांचे बायोडाटा, लग्नसराईत पत्रिका. हिंगोलीत तिला बाबू लोक मॅडम म्हणायचे. इथं सगळे सोनाजीची बायको म्हणायचे, आणि ती प्रत्येक वेळी आपलं नाव सांगायची. सकाळची हिंगोली गाडी सुटायची तेव्हा सुरुवातीला तिचे हात आपोआप डब्याकडं जायचे. पुढं तेही थांबलं.

माणिकलिपीच्या सीडी वर्षभर वाटल्या गेल्या. नंतर नवे कॉम्प्युटर आले, त्यांच्यावर ती चालेना, आणि दुरुस्ती कुठून आणायची हे सीडीवर लिहिलेलं नव्हतं. गोदा ते युनिकोडमध्ये मात्र तोवर चौदा दुरुस्त्या झाल्या होत्या. त्यातल्या पाच चांगुणाच्या. बाकीच्या तिनं कधी न पाहिलेल्या माणसांच्या.

२००९ च्या हिवाळ्यात रत्नागिरीच्या एका मुद्रकानं गटावर लिहिलं. दुसऱ्या एका जुन्या फाँटचं, 'प्रभात'चं, काम त्यानं पुरं केलं होतं. भांडारात टाकतो म्हणाला. नावाबद्दल त्यानं कोणाला विचारलं नव्हतं, चर्चा केली नव्हती. सरळ लिहिलं होतं : प्रभात ते युनिकोड. पुढच्या सहा महिन्यांत आणखी तिघांनी तसंच केलं. भांडाराच्या यादीत ती नावं एकाखाली एक यायला लागली. कुलदीपनं फोन करून विचारलं, "ताई, बघितलं का?" ती म्हणाली, "बघितलं." 

एका दुपारी तिला चंद्रपूरच्या एका ग्रंथपालाचा ई-मेल आला. त्याच्याकडं गोदातली पुस्तकांची यादी होती, अकरा हजार नोंदी. नेटवर शोधलं तेव्हा पहिल्याच पानावर हे सापडलं, त्यानं लिहिलं होतं. यादीचे रकाने मात्र एकात एक मिसळत होते. 'आदरणीय सर, कृपया मार्गदर्शन करावं.'

बाहेर बाकावर एक माणूस अर्ज घेऊन थांबला होता. भारनियमनाची वीज जायला पंचवीस मिनिटं होती. चांगुणानं आधी रकान्यांचं उत्तर लिहिलं, पायरीपायरीनं, काही न गाळता. दोनदा वाचून पाहिलं. मग खाली एक ओळ लिहिली : 'मी सर नाही. माझं नाव चांगुणा.' ई-मेल पाठवला, कागद सरळ करून प्रिंटरमध्ये घातले आणि बाकावरच्या माणसाला आत बोलावलं.